पंप काढण्याआधी बोटीच्या बुडाकडे बघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ट्रॉलरचं (जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटीचं) डिझेल इंजिन पूर्ण आरपीएम (मिनिटाला फेरे) घेत नसेल तर काय तपासावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "खुर्चीत बसून सल्ले देणं सोपं असतं. रेस घेत नाही म्हणजे पंप गेला, काढून कॅलिब्रेशनला पाठवायचा. पंखा, बूड, केबल ही नाटकं सांगून मच्छीमाराचा वेळ खाऊ नका." (पंप म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारा पंप, कॅलिब्रेशन म्हणजे तो मशीनवर तपासून जुळवणं, पंखा म्हणजे बोट ढकलणारा प्रोपेलर, केबल म्हणजे रेसची केबल.) पुढे लेखाच्या लांबीवर आणि फोटो नसण्यावर बरंच काही आहे, ते सोडून देतो.

खुर्चीचं आधी. माझं पोट डिझेल इंजिनांवरच चाललं आहे. हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ठाऊक नसताना मला खुर्चीत बसवण्याचंही कारण नव्हतं. आणि 'नाटकं' हा शब्द कशासाठी? मत वेगळं असेल तर कारण द्या. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत कारण एकही नाही.

एक गोष्ट मान्य करतो. डिझेलमध्ये पाणी गेलं की पंपाचे प्लंजर (डिझेल दाबणारे दांडे) खराब होतात, आणि अशा पंपाला कॅलिब्रेशन मशीनशिवाय दुसरा इलाज नाही. पण "रेस घेत नाही म्हणजे पंप गेला" हे तुमचं वाक्य बंदरावर रोज कुणाचे तरी पैसे बुडवतं, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

धूर बघा. लोडवर आरपीएम अडकलाय आणि काळा धूर येतोय, तर डिझेल इंजिनात पोहोचतंय, जळायला हवा कमी पडतेय किंवा लोड जास्त झालाय. सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल गळत असेल किंवा फवारण्याचं टायमिंग मागे गेलं असेल तरीही काळा धूर येतो, पण ते तपासायला पंप काढावा लागत नाही. उलट आरपीएम अडकलाय आणि धूर जवळपास नाहीच, तर डिझेल कमी पडतंय. तेव्हाही आधी पंपाच्या अलीकडचं बघायचं: चोंदलेला फिल्टर, टाकीचा बुजलेला व्हेंट (हवेचं भोक), टाकीतून डिझेल ओढणारा, आतून सोललेला सक्शन पाइप, पाइप जोडणाऱ्या सैल बँजो बोल्टमधून ओढली जाणारी हवा.

याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर घट्ट बांधा, सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणारा) दोन्ही पाइप त्यातच सोडा, हवा काढा आणि बोट चालवा. रिटर्न टाकीतच राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅनवर आरपीएम आला तर पंप निर्दोष आहे, दोष टाकी आणि पंपाच्या मध्ये आहे. नाहीच आला, धूरही नाही, तर काढा पंप, माझी हरकत नाही.

आता तुमच्या लेखी जे नाटक आहे, ते बूड. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बूड स्वच्छ आणि पंखा तोच असताना १८०० चं इंजिन १६०० वर अडकलं, तर पंखा पूर्ण ताकदीच्या साधारण ७०% च घेतोय. म्हणजे दोष इंजिनाचा असेल तर ते बरंच दुबळं झालेलं असलं पाहिजे. झिजणारा पंप इतका एका रात्रीत बसत नाही. एखादा प्लंजर अचानक अडकला तर सिलेंडर मिस होतो, इंजिन थरथरतं, ते कुणाच्याही लक्षात येतं. पण मासेमारीच्या पावसाळी बंदीत बोट ओढून रंगवली, १ ऑगस्टनंतर पाण्यात गेली आणि डिसेंबरपर्यंत बुडाला शिंपलं-शेवाळ धरलं, तर इंजिनात काहीही न बिघडता आरपीएम हळूहळू उतरतो. पंख्यात जाळ्याचा दोर अडकला तर त्याच फेरीत उतरतो. पंखा नवा बसवला असेल तर त्यावर कोरलेला व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) जुन्याशी ताडून बघा. पिच वाढलेला असेल तर जगातला कुठलाही पंप तो आरपीएम आणून देणार नाही.

केबलला तर दोन मिनिटं लागतात. केबिनमध्ये एकाने लिव्हर पूर्ण पुढे ढकलायचा, खाली दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर स्टॉपला टेकतोय का ते बघायचं. यात कुणाचा वेळ खाल्ला?

खरं दुखणं पुढे आहे. पंप मशीनवर ठीक निघतो, परत बसतो, आरपीएम तसाच. मग कुणीतरी पंपाचं सील तोडून फ्युएलचा (डिझेल किती जाईल ते ठरवणारा) स्क्रू वाढवतो. थोडा आरपीएम मिळतो, धूर दाट होतो, एक्झॉस्ट तापतो, आणि पुढे व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळतो. दोष बुडाला होता, खर्च हेडचा झाला. एवढं टळावं म्हणून तो लांब लेख लिहिला होता.

तुमच्याच बोटीचा प्रश्न असेल तर राग बाजूला ठेवून एवढं कळवा: न्यूट्रलमध्ये मिळणारा आरपीएम, जाळं न टाकता खुल्या समुद्रात मिळणारा आरपीएम (जेट्टीला बांधून घेतलेला नको, तो कमीच येणार), धुराचा रंग, इंजिन रूमचं झाकण उघडल्यावर काही फरक पडतो का, आणि पंख्यावरचे आकडे. आरपीएम डॅशबोर्डवरच्या मीटरचा नको. क्रँक पुलीला चमकती पट्टी लावून हातातल्या टॅकोमीटरने घ्या.