‘गेम तुमचा कधी नव्हताच’ : अर्धं खरं, अर्धी थाप

एखाद्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर बंद झाले, लोक चिडले, की ठरलेला मजकूर फिरू लागतो : ‘गेम तुमचा कधी नव्हताच. डिस्क घेतलीत तेव्हाही लायसन्सच (वापरायची परवानगी) घेतलं होतंत. अटी न वाचता “सहमत” दाबलंत, आता रडू नका. सर्व्हर काय जन्मभर चालवायचे?’

डिस्कसोबतही लायसन्सच होतं, हे खरंय. कॉपीराइट कंपनीचा, आणि तो कुणी मागतही नाही. पण हातातली प्रत घेणाऱ्याची होती. प्रत एकदा विकली की ती पुढे कितीला विकावी हे प्रकाशकाने सांगायचं नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकांच्या बाबतीत १९०८ मध्येच ठरवलं. लायसन्सच्या कागदावर काहीही छापलेलं असो, कपाटातली गेमची कार्ट्रिज उचलून न्यायला कंपनीचा माणूस येत नव्हता.

आता येतो. ‘द क्रू’ हा युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, मग लोकांच्या खात्यांतून लायसन्सही काढून घेतलं गेलं. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरला बांधलेला, त्यामुळे तोही गेला. डिस्क जपून ठेवणाऱ्यांकडे उरली ती नुसती चकती. ‘मग डिस्क घ्यायची होती’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

‘कायदा कंपनीच्याच बाजूने आहे.’ इतकं सरळ नाही. पैसे घेऊन कायमचं लायसन्स दिलं तर ती विक्रीच, असं युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल कंपनीच्या सॉफ्टवेअरबाबत म्हटलं. गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, असं म्हणत पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये घेतलेले डिजिटल गेम पुढे विकण्याच्या वादात ‘स्टीम’ हे ऑनलाइन गेम-दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीला झुकतं माप दिलं, हेही सांगायला हवं.

‘अटी वाचायच्या होत्या.’ बटणावर काय लिहिलं होतं? ‘खरेदी करा’. लायसन्स विकताना हा शब्द वापरायचा तर तसं स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तर कायदा कशाला लागला?

राहिला सर्व्हरचा मुद्दा. जन्मभर चालवा असं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही खेळणाऱ्यांची मोहीमही म्हणत नाही. दुकान बंद करताना गेम चालता ठेवून जा, एवढीच मागणी. ‘नॉकआउट सिटी’ २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी पीसी आवृत्ती देऊन टाकली. १९९६ चा ‘क्वेक’ आजही ऑनलाइन खेळता येतो, कारण सर्व्हरचा प्रोग्रॅम पहिल्यापासून खेळणाऱ्यांच्या हातात होता. इतरांकडून घेतलेलं तंत्रज्ञान किंवा संगीत ठासून भरलेल्या जुन्या गेमना हे जड जाईल, मान्य. पण आज ज्याच्या कोडची पहिली ओळ लिहिली जातेय, त्या गेमला ही सबब नाही.