मुलगा सापडला

"मुलगा सापडला. हो हो, बरा आहे. घामाघूम झालाय, पण बरा आहे."

गेल्या दुसऱ्या शनिवारी खंडवा रोडवरच्या एका पंक्चरच्या टपरीवरून हा फोन गेला. पलीकडे माझी आई होती. मुलगा म्हणजे मी. वय ४६, दोन गोळ्या रोज, घरात दहावीतली कन्या. आणि मी हरवलो नव्हतो. माझा टायर फाटला होता. या दोन्हींत फरक आहे हे मी नऊ दिवस इंदूरभर सांगत फिरतोय, आणि लोक 'हो ना, हो ना' म्हणून मान डोलावतात. मुलांच्या म्हणण्याला डोलावतात तशी.

झालं एवढंच. पहाटे साडेपाचला सायकल काढली. भंवरकुआँ, तेजाजी नगर, सिमरोल, तिथून आत वळून कजलीगढ. दरीच्या कडेवरची होळकरांची ती जुनी गढी, खाली जंगल, मार्च लागल्यामुळे पळस पेटलेला. मग सागाच्या पाचोळ्यातून, बैलगाडीच्या चाकोरीनं चोरलच्या बाजूला उतरायचं, धरणाचं पाणी बघायचं आणि परत. सायकल डोंगरातली आहे, २९ इंची चाकं, पुढे शॉकअप. किंमत घरात बावीस हजार सांगितलेली आहे. खरी इथे लिहीत नाही, कन्येला मराठी वाचता येतं.

गढीपाशी मात्र दहा मिनिटं डोकं फिरलं. भिंतीवर कोळशानं काढलेले बदाम, त्यात नावं, आणि कड्याच्या टोकाला कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या. आम्ही इंदूरकर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले. घरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो, गाडीचं गाणं वाजलं की चहा टाकून धावतो. पाहुण्यानं सालपट खाली टाकलं तर त्याच्याकडे असं बघतो की तो पुढच्या दिवाळीला येत नाही. आणि हीच माणसं बायपास ओलांडला की सहाही प्रकार एकत्र करून दरीत ढकलतात. चार पाकिटं मी उचलली, पाठीवरच्या पिशवीत भरली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. पुढचं सगळं त्या खुशीचंच फळ असावं, कारण उतारावर मी समोर बघायच्या ऐवजी माझ्या थोरपणाकडे बघत होतो. माळव्यातला काळा दगड फुटला की सुरीसारखी धार धरतो. त्या धारेनं मागच्या टायरची कूस दीड इंच चिरली.

माझ्या टायरमध्ये ट्यूब नसते. आत पांढरा पातळ द्राव असतो, तो काट्याची भोकं आपोआप बुजवतो. बाभळीचे काटे कितीही येऊ देत. पण कूस चिरली की तो बिचारा काय करणार? फुर्र करून सगळा बाहेर आला, माझ्या पोटऱ्यांवर, बाटलीवर, पळसाच्या एका निरपराध रोपावर. तरी अशा वेळेसाठी पिशवीत एक ट्यूब होती. दोन वर्षं मी ती इमानानं पाठीवर वाहिली. त्या दिवशी प्रथमच उलगडली आणि कळलं की ती २६ इंची आहे.

सहा किलोमीटर ढकलत रस्त्याला लागलो. वाटेत तिघांनी 'पेट्रोल खतम?' विचारलं. एकानं सायकल आहे हे बघून विचारलं.

टपरीवाला भला माणूस. त्यानं टायर सोडवला, घमेल्यातलं पाणी ढवळलं, आत हात घातला, आणि त्याचा चेहरा पडला.

"ट्यूब कां है, भिया?"

"ट्यूब नहीं रहती इसमें."

"तो पंक्चर काय का हुआ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंक्चर हा ट्यूबचा आजार आहे, ज्याला ट्यूबच नाही त्याला तो होणार कसा? मग त्यानं पंपाचं तोंड व्हॉल्व्हला लावून पाहिलं. माझा व्हॉल्व्ह परदेशी घाटाचा, काडीसारखा बारीक. टोकाची पिटुकली चकती सैल केल्याशिवाय हवा घेत नाही, आणि मोटरसायकलच्या पंपाला तर ओळखही देत नाही. "इसका वाल तो किसी ने काट लिया," तो म्हणाला, आणि रस्त्यावरच्या वाटसरूंकडे संशयानं बघू लागला. एवढ्यात हात पांढरा झालेला दिसला. "अरे, दूध निकल रिया है!"

हे ऐकून तीन मोटरसायकली थांबल्या. एकावर किटल्या लटकवलेला खरा दूधवाला होता. तो टायरमध्ये डोकावला आणि व्यावसायिक अपमान झाल्यासारखा निघून गेला. शेजारी हरभरे सोलत बसलेल्या एका आजीबाईंनी बोट बुडवून वास घेतला, "चीक है, झाड़ का," म्हणाल्या आणि परत हरभऱ्यांकडे वळल्या. रबराचा चीकच असतो तो. त्या दिवशी भेटलेल्या माणसांत विषयाची जाण असलेली ती एकटी बाई, आणि तिला माझ्यात काडीचा रस नव्हता.

रस होता तो काकांना.

काका बाकावर बसले होते. पांढरा लेंगा, वर गुडघ्यापर्यंतचा हाफ स्वेटर (मार्चमध्ये), आणि स्कूटरचं चाक दुरुस्त व्हायची वाट पाहणारा तो निवृत्त माणसाचा अथांग संयम. सिमरोलकडे त्यांची दोन बिघे शेती. माझ्या तोंडून 'अरे देवा' निघाल्याबरोबर ते सरसावून बसले.

"मराठी?"

"हो."

"कुठले? रामबाग?"

"राजेंद्रनगर."

"मूळचे?"

"आजोबा नारायणबागेत होते."

"मग बरोबर," काका म्हणाले. काय बरोबर ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्यांनी उठून सायकलीला एक प्रदक्षिणा घातली, मुलगी बघायला आल्यासारखी.

"मडगार्ड नाही."

"नसतं हिला."

"स्टँड नाही. कॅरिअर नाही. घंटी नाही. साखळीला झाकण नाही. ट्यूब तर नाहीच." त्यांनी बोटांवर मोजत हिशेब पुरा केला आणि आवाज खाली आणला. "घेताना पूर्ण दिली होती ना तुला?"

"काका, अशीच येते."

"नाही, म्हणजे दुकानदार म्हणाला असेल, बाकीचं सामान नंतर नेऊन जा म्हणून. आणि तू गेला नसशील."

मी वजन कमी ठेवण्याबद्दल बोललो. काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. एवढं शांतपणे मला कुणी आजवर मारलेलं नाही.

"आणि ही डोंगरात कशाला नेतोस? डोंगर लांबूनही दिसतो."

मग मी चिडलो. चिडलो की मी माहिती देतो. म्हटलं, काका, लांबून काय दिसतं? तिकडे ते जानापाव, ८५४ मीटर. त्याच्या उत्तरेला चंबळ निघते ती यमुनेला जाते, दक्षिणेला उतरणारी चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचा एक थेंब बंगालच्या उपसागरात, शेजारचा अरबी समुद्रात! सायकल घेऊन त्या धारेवर उभं राहिलं की...

"साडेसात नद्या निघतात जानापाववरून," काका म्हणाले. "तू दोनच सांगितल्यास."

ही साडेसाताची गोष्ट माळव्यात सगळे सांगतात. अर्धी नदी कशी असते, हे मात्र मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. माझा अंदाज, तीही माझ्यासारखीच मध्ये कुठेतरी पंक्चर झाली असणार.

तोवर काकांनी फोन काढला होता. त्यांनी त्यांच्या पत्नीला लावला. तिनं तिच्या भिशीतल्या एका बाईंना. त्या बाईंची वहिनी माझ्या आईबरोबर श्रावणात भजनाला असते. राज्यकर्ते गेले, संस्थान विलीन झालं, पण इंदुरातल्या मराठी माणसाचं हे जाळं शाबूत आहे. रस्त्यावर पडलात तर रुग्णवाहिका येईल न येईल, आईला फोन सहा मिनिटांत जातो. मी 'नको, नको, काका, माझ्याकडे फोन आहे' म्हणत होतो. काका हातानं मला गप्प करत होते. आणि मग ते वाक्य. मुलगा सापडला.

आईनं काय विचारलं मला ऐकू आलं नाही, पण काकांचं उत्तर आलं: "नाही, खाल्लेलं दिसत नाही."

मी सकाळी दोन प्लेट पोहे खाल्ले होते. शेव, जिरावण मसाला, वर जिलबी. हे नोंदीसाठी.

मग काकांनी एक टेम्पो थांबवला. लसणाचा. चालक त्यांच्या ओळखीचा, माल शहरातल्या गोदामात नेत होता. भाडं दीडशे ठरलं, ते काकांनी माझ्याआधी खिशातून काढलं. मी ऑनलाइन पाठवतो म्हटलं, तर दुखावले.

"अरे, १८७० साली तुकोजीराव होळकरांनी इंग्रजाला खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणायला एक कोटी रुपये कर्ज दिलं. एक कोटी! साडेचार टक्क्यांनी. आणि मी तुला दीडशे देऊ नको?"

"पण परत कधी देऊ?"

"त्यांनी १०१ वर्षांची मुदत दिली होती. तूही घे."

हे सगळं प्रेमानं होतं, मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतो. उद्धट माणसाशी भांडता येतं. स्वतःच्या खिशातून दीडशे देणाऱ्या माणसाला 'मी शेहेचाळीसचा आहे' असं ओरडून सांगायचं म्हणजे आपणच पोरकट ठरतो. मी कारमधून गेलो असतो आणि तीच पंक्चर झाली असती, तर याच काकांनी मला 'साहेब' म्हणून बाक झटकून दिला असता. पायानं चालणारं वाहन घेतलं की माणसाचं वय तरी निम्मं धरतात, नाहीतर पगार. माझ्या बाबतीत दोन्ही.

लसणाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, सायकल आडवी ठेवली, तिच्या शेजारी मी. पुढे चालकाजवळ जागा नव्हती, तिथं त्याचा पुतण्या झोपला होता. काकांनी चालकाला बजावलं, "सावकाश ने. गेटपाशीच उतरव, कोपऱ्यावर नको." तेजाजी नगरच्या सिग्नलला आमच्या सायकल ग्रुपमधले चौघे शेजारी येऊन थांबले. कडक कपडे, काळे चष्मे, सगळ्यांच्या टायरांत हवा. मी कट्ट्याआड मान खाली घातली. त्यातल्या एकानं वास घेतला आणि म्हणाला, "लसूण चांगला आलाय यंदा."

गेटपाशी आई, बायको आणि कन्या तिघीही उभ्या होत्या. चालकानं सही मागितली. खरंच मागितली, त्याच्याकडे वही होती. 'लसूण २२ कट्टे' या ओळीखाली पेन्सिलनं लिहिलं होतं: सायकल १, लड़का १. आईनं सही केली. बायकोनं विचारलं, "बावीस हजारांत ट्यूबसुद्धा देत नाहीत?" मी अंघोळीला गेलो.

नवा टायर, नवा चीक आणि या वेळी २९ इंची ट्यूब. आकडा इथेही लिहीत नाही. टपरीवाल्यानं 'देखने के' वीस घेतले होते, तेवढे सांगतो. ते मला पटलेत.

काल रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"झोपला नाहीस ना? काही नाही रे. उद्या कुठल्या बाजूला निघणार आहेस तेवढं सांग. त्या बाजूचा टेम्पो बोलून ठेवतो."