टॉर्च निगेटिव्ह म्हणजे लिस्टेरिया नाही, असं नसतं

गरोदर बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लिस्टेरिया आईकडून पोटातल्या बाळाला होतो, म्हणून टॉर्च टेस्ट करा. ती निगेटिव्ह आली आणि ताप उतरला, की काळजी नको. बाळ जन्मताना रडलं, की धोका टळला.’ लिस्टेरिया हा दूषित अन्नातून पोटात जाणारा जंतू. तो आईकडून बाळाला होतो, एवढं खरं आहे. बाकीचा मेसेज जिवावर बेतू शकतो.

‘टॉर्च टेस्ट करा.’ नेहमीच्या टॉर्च पॅनेलमध्ये टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पीस यांच्या अँटिबॉडी बघतात. लिस्टेरिया त्यात नसतोच. त्याची वेगळी अँटिबॉडी टेस्ट केली तरी तिच्यावर निदान ठरत नाही. शौचाच्या कल्चरवरही (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं) नाही, कारण हा जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही सापडतो.

निदान होतं ते ब्लड कल्चरने. गरोदरपणात 38.1 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, अंगदुखी आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी दोन वेगळ्या जागी टोचून रक्त घ्यावं, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. फॉर्मवर ‘गरोदर, लिस्टेरियाची शंका’ असं स्पष्ट लिहावं. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, लिस्टेरियाचे हे आखूड दंडगोल त्वचेवरच्या डिफ्थेरॉइड जंतूंसारखे दिसतात आणि शंका कळवलेली नसेल, तर ‘कंटॅमिनेशन’ (नमुन्यात बाहेरून मिसळलेले जंतू) म्हणून बाजूला पडण्याची भीती असते.

‘ताप उतरला, की काळजी नको.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. आईचा आजार बऱ्याचदा साध्या फ्लूइतकाच असतो आणि आपोआप उतरतो, जंतू मात्र वारेत वाढत राहतो. आईचं कल्चर निगेटिव्ह आलं तरी वारेतला संसर्ग त्याने नाकारता येत नाही. म्हणून दाट शंका असेल, तर रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँपिसिलिन सुरू करतात. डोस सहसा 2 ग्रॅम दर 4 तासांनी. सेफ्ट्रिअॅक्सोन इथे चालत नाही, कारण ते ज्या गटातलं अँटिबायोटिक आहे त्या सेफॅलोस्पोरिनना लिस्टेरिया मुळातच दाद देत नाही. उलट, संशयित अन्न खाल्लं पण काहीच त्रास नाही, अशा बाईला टेस्टही नको आणि औषधही नको. तिने पुढचे दोन महिने तापावर लक्ष ठेवावं.

वेळेआधी प्रसूती झाली किंवा बाळ पोटात दगावलं, तर वार हा सर्वांत मोलाचा नमुना. अख्खी वार फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणारं, पण जंतू मारणारं रसायन) टाकली, की कल्चर हातचं गेलं. आधी एक तुकडा निर्जंतुक कोरड्या डबीत कल्चरला पाठवावा, मग उरलेली फॉर्मेलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला. तिथे वारेत पांढरट बारीक गळवं दिसली, तर संशय बळावतो. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात गर्भजल मेकोनियमने (बाळाच्या पहिल्या शीने) हिरवट असेल, तरी हाच विचार करावा.

‘बाळ रडलं, की धोका टळला.’ जन्मतः ठणठणीत दिसणाऱ्या बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मेंदूज्वर होऊ शकतो. ते दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं किंवा तापलं, तर त्याच दिवशी ब्लड कल्चर करावं आणि प्रकृती झेपत असेल, तर कण्यातलं पाणी काढून त्याचंही कल्चर करावं.