कमांड अशी लिहा, की फोन तुम्हालाच आला पाहिजे

वाळूजच्या कारखान्यासाठी नाहीतर लातूरच्या कॉलेजसाठी खाती आणि परवानग्या सांभाळणारी कमांड लिहायला घेतलीय? मग आधी एक ठरवून टाका: ती दुसऱ्या कुणाला एकट्याने वापरता येता कामा नये. नाहीतर तुम्हाला विचारणार कोण?

आदर्श समोर आहेच, लिनक्समधली खातं बदलायची कमांड, 'युझरमॉड'. त्यात लहान 'जी' म्हणजे मुख्य ग्रुप, मोठा 'जी' म्हणजे जादाचे ग्रुप. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे फोनवर समोरच्याला 'जी लावा, जी' एवढंच ऐकू जातं. मोठ्या 'जी'सोबत 'ए' लावला तर नवा ग्रुप जुन्यांत मिळवला जातो. विसरलात तर जुने सगळे जाऊन तो एकच उरतो. समजा, परभणीच्या क्लार्कला 'लेखा' ग्रुपमध्ये घ्यायचं होतं. घेतलं. 'छपाई', 'हजेरी', 'स्कॅन' गेले. कमांड गप्प, कारण काम फत्ते झालं की तोंड उघडायचं नाही ही युनिक्सची खानदानी रीत. क्लार्कसुद्धा त्या दिवशी गप्पच, कारण चालू सेशनमध्ये जुने ग्रुप टिकून असतात. सकाळी नव्याने लॉगिन केलं, की मग फोन: "सर, कालपस्तोर प्रिंट निघायली होती, आज कामून निघंना गेली?"

कुणी शहाणा सुचवेल, की बदल करण्याआधी 'आत्ता जादाचे तीन ग्रुप आहेत, उरणार एक, करू का?' असं विचारावं. त्याचं ऐकू नका. दहा ओळींचं काम आहे आणि फोन कायमचे बंद होतात.

एरर द्यायचीच वेळ आली तर केर्बेरॉसचा, म्हणजे नेटवर्कवर लॉगिनची ओळख तपासणाऱ्या व्यवस्थेचा, कित्ता गिरवा: 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट'. सर्व्हर आणि पीसीच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यात लाइट गेली, आली. पीसी उठला तो थेट मागच्या दशकात. दोन्ही वेळा शेजारी शेजारी छापल्या असत्या तर शिपायानेही ओळखलं असतं. म्हणूनच छापायच्या नाहीत. बसू द्या लॉगिन करणाऱ्याला पासवर्ड बदलत.

मराठी नावांची सोय एलडॅपने, म्हणजे सगळ्या खात्यांची यादी ठेवणाऱ्या व्यवस्थेने, आधीच लावून ठेवलीय. 'एलडॅपसर्च' मारा: 'सीएन'पुढे, म्हणजे नावाच्या रकान्यापुढे, एकाऐवजी दोन कोलन आणि त्यापुढे बेस-६४ची, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदललेल्या नावाची, खिचडी. जालन्याचा जगन्नाथ असो की जिंतूरची जनाबाई, प्रत्येक नावाची सुरुवात '४केएस'नेच. इतकी समानता आपल्याकडे दुसरीकडे कुठे बघायला मिळते? उलगडून दाखवायचा पर्याय देऊन ती मोडू नका.

पासवर्ड मात्र कमांडच्या ओळीतच मागा. हिस्टरीत राहतो, चालू कामांची यादी दाखवणाऱ्या 'पीएस'मध्ये दिसतो. विसरलेल्याला शेजारी सांगतात.

आता निवृत्ती. शाल-श्रीफळ झालं की साहेबांच्या खात्यावर 'पासवर्ड लॉक' मारा. हॅशच्या, म्हणजे साठवलेल्या सांकेतिक पासवर्डच्या, आधी एक उद्गारचिन्ह लागतं, एवढंच. पासवर्डशिवाय दुरून लॉगिन करायची एसएसएचची किल्ली घरच्या लॅपटॉपवर असली तर बहुतेक सर्व्हरवर ती पूर्वीसारखीच चालते. खात्याची मुदत संपवायला वेगळी कमांड आहे, 'चेज', आणि तिचं नाव तुमच्या मदतीच्या पानावर येणार नाही याची काळजी घ्या.

खातं पुसायचंच असेल तर 'युझरडेल' नुसतं चालवा, 'आर' न लावता. होम फोल्डर जागेवरच राहतो, मालक म्हणून फक्त खात्याचा आकडा उरतो. ते यादीतलं शेवटचं खातं असेल, तर पुढे रुजू होणाऱ्या पोराचं नवं खातं उघडताना त्याला 'युझरअ‍ॅड' तोच आकडा देतं. फेरफार नाही, तलाठी नाही, आणि साहेबांच्या सगळ्या फायलींचा सातबारा पहिल्याच दिवशी पोराच्या नावावर.