‘चिरफाड नको, लेप लावा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बऱ्याच जणांकडे हा मेसेज आला असेल: ‘पायात पू झाला, मांस सडलं, तरी ऑपरेशन करू नका. आयुर्वेदात चिरफाड नसते. हळद, कडुनिंब, मधाचा लेप लावा, अँटिबायोटिक बंद करा. दुखणं थांबलं की समजा, जखम भरतेय.’

आयुर्वेदात चिरफाड नसते? साफ खोटं. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात छेदन (कापून काढणं), भेदन (चीर देणं), विस्रावण (पू-रक्त वाहू देणं), सीवन (टाके घालणं) अशी आठ शस्त्रकर्मं आहेत, व्रणाचे म्हणजे जखमेवरचे साठ उपचार आहेत. सूज कच्ची की पिकलेली हे ओळखण्यासाठी वेगळा अध्याय आहे. कच्च्या सुजेला चीर देणारा आणि पिकलेली तशीच ठेवणारा, दोघांनाही सुश्रुताने एकाच पंक्तीत बसवून झोडपलंय. आयुर्वेदाच्या नावावर हे खपवलं जातं, याचाच मला जास्त राग येतो.

लेपाने सडणं थांबतं, हा दावा तर जिवावर बेतणारा. नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस, म्हणजे मांस सडवणाऱ्या जंतुसंसर्गात, जंतू स्नायूंवरच्या आवरणालगत पसरतात आणि काही तासांत पसरतात. वरून थोडी लाली, थोडी सूज. पण रोगी कळवळत असतो. जे दिसतं त्या मानाने दुखणं फारच जास्त असतं. मग त्वचा जांभळी-काळी पडते, फोड येतात, कधी बोटाने दाबलं तर आत हवा कुरकुरते. तिथल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकसुद्धा मेलेल्या मांसात नीट पोचत नाही, तिथे कातडीवरचा लेप काय पोचणार? मेलेला भाग तातडीने कापून काढावाच लागतो. आजूबाजूचं जिवंत मांस वाचवायला अँटिबायोटिकही लागतंच. एवढं करूनही सुमारे पाचातला एक रोगी दगावतो.

आणि दुखणं थांबणं? नसा मेल्या की दुखणं थांबतंच. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर खिळा रुतलेलाही कळत नाही.

मधाचं म्हणाल, तर निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध काही जखमांवर वापरतात. बरणीतल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

आयुर्वेद जिथे कसाला उतरलाय, ते मान्य करायलाच हवं. भगंदरावरच्या (गुदद्वाराजवळच्या नासुरावरच्या) क्षारसूत्राची, म्हणजे औषधी क्षार लावलेल्या दोऱ्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केली, निष्कर्ष १९९१ मध्ये आले: जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा वेळ जास्त लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या जखमेतही वैद्याची मदत जरूर घ्या, मात्र पायाचा रक्तपुरवठा आणि साखर तपासून, जखमेवर शरीराचा भार पडू न देता. ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा असह्य वेदना दिसली, तर लेप वाटत बसू नका; त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.