जुन्या वाड्याला नवा लूक : काही अनुभवी सूचना

तुमचं घर जुनं आहे? आणि ते जुनं आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतंसुद्धा? मग चार लोक काय म्हणतील, याचा काही विचार? घरात लग्न निघालंय, व्याही याच बोळातून येणार, आणि पणजोबांच्या वडिलांनी घातलेलं काळ्या दगडाचं जोतं दारात उघडंबोडकं उभं! घाबरू नका. आमच्याकडे हे सगळं गेल्या महिन्यातच पार पडलंय, त्यामुळे सल्ला अगदी ताजा आहे.

पहिलं काम, घरात जी व्यक्ती 'नको' म्हणेल तिला आठवडाभर माहेरी किंवा कुठेही पाठवा.

मग खिडक्या. सागवानी, खालची-वरची दारं वेगळी उघडणारी, लोखंडी गजांची खिडकी फारच गावंढळ दिसते. ती काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवा. स्लायडिंगचा फायदा असा की कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, म्हणजे वारा मोजून आत येतो. काढलेला सागवान जुन्या बाजारवाल्याला वजनावर द्या. पुढे तोच एखाद्या महागड्या हॉटेलात भिंतीवर टांगलेला दिसेल, त्याच्याशेजारी सेल्फी काढता येईल.

उरलेलं लाकूड, म्हणजे खांब, तुळया, सज्जाचा कठडा, चॉकलेटी ऑइलपेंटने बुजवा. कोरीव केळफूल असेल तर दोन हात जास्त द्या. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या दर्शनी लाकूडकामाकडे माना वर करून बघायचं, आणि घरी आलं की 'हे धुळीचं घर नको' म्हणायचं, ही आपली रीतच आहे.

विटांचं काय करायचं? सोपं आहे. खऱ्या विटा सिमेंटच्या गिलाव्याखाली झाका आणि त्या गिलाव्यावर विटांसारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवा.

दिंडी दरवाजावर एलईडीची पट्टी. निळी.

आता मुख्य विषय, दगड. घडीव दगड जवळून बघितलाय कधी? पाथरवटाच्या टाकीचा एकेक ठोका त्यावर दिसतो. मधे जरा भरड, कडेला बारीक, कोपऱ्यावर हात फिरवला तर गुळगुळीत. तर असा दगड 'मळका' दिसतो, असं आमच्या रंगवाल्याचं निदान. म्हणून त्याने काळ्या दगडाला काळाच ऑइलपेंट दिला. चकचकीत. मग दगड कुठे संपतो ते कळेना, म्हणून वर पांढऱ्या रेघा मारल्या. सांधे खाली होतेच की, पण एक दगड मोठा, एक लहान, कुणाला शिस्त म्हणून नाही! याने पट्टी लावून सारखे चौकोन पाडले. आता एका अखंड दगडाच्या पोटातून रेघ जाते आणि खरा सांधा शेजारी रंगाखाली गपगुमान पडलाय. मी परत आले तर हा पठ्ठ्या विचारतो, "ताई, आता कसं दगडासारखं दिसतंय ना?"

दगडासारखं!

थांबा, अजून आहे. रंगाआधी त्याने सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरलं होतं. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीत चढते. काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, ओल सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर पडते, वाळते. जुन्या लोकांनी घाणीच्या दगडी चाकाखाली मळलेला, गूळ-बेलफळ-हिरडा घातलेला चुना हौस म्हणून वापरला नव्हता. तो सांधा सिमेंटने बंद, वर रंगाचं कातडं. मग ओल जाणार कुठे? वर. विटांच्या भिंतीत. तिथे लोणा धरणार, विटांचा भुगा होणार, गिलाव्याचे पोपडे पडणार. मग हाच रंगवाला येऊन भिंतीला हात लावून म्हणणार, "जुनं बांधकाम आहे ताई, ओल येणारच. वॉटरप्रूफिंगचा कोट मारू." त्या कोटाने ओल आणखी वर. आणि शेवटी सगळ्या भाऊबंदांची बैठक बसणार. सातबारा काय, मालमत्तापत्रक काय, कधी नव्हे ते एकमत होणार, की वाडा आता मोडकळीला आलाय, बिल्डरला देऊन टाकू. कुणी मोडकळीला आणला, हे त्या बैठकीत कुणी विचारायचं नसतं.

चुलतभावाला फोन केला तर म्हणाला, "तुला ना, नवीन काही केलं की खुपतं. फोटो बघ किती भारी आलेत!" फोटो भारी आलेत. बरं.

बाकी रस्त्याकडच्या शोभेची जबाबदारी तुमची एकट्याची नाही, ही जमेची बाजू. दर निवडणुकीआधी रस्त्याच्या जुन्या थरावर नवा थर पडतो, त्यामुळे जोत्याच्या पायऱ्या आपोआप कमी होतात आणि म्हाताऱ्यांची सोय होते. केबलच्या वायरी कुणाच्या, ते वायरींनाही माहीत नाही. आणि सज्जावर कुणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की खालचं सगळंच झाकलं जातं. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे. असू दे. फ्लेक्स नवा असतो, कायदा जुना.

समोरच्या खोलीतल्या भाडेकरूंनी कोनाड्यात कुंडी ठेवलीय. अख्ख्या दर्शनी बाजूला तेवढीच एक गोष्ट बरी दिसते, आणि भाडं किती येतं ते विचारू नका.

जाऊ दे ते सल्ले. सरळ सांगते. अरे, जरा लाजा बाळगा! घर मळलंय ना, मग धुवा. साधं पाणी, मऊ ब्रश, दोन माणसं, एक दिवस. दगडाला एवढंच लागतं. सांधा उकलला असेल तर चुनाच भरा. चुन्याचं काम येणारे मिस्त्री आहेत, पण त्यांना शोधायला फोन उचलावा लागतो, आणि तुम्हाला मांडवाच्या आदल्या रात्री जाग येते. लाकडाला तेल पाजा. खिडकीची बिजागरी मोडली तर बिजागरी बदला, खिडकी नाही. वायरी काढायला लावा, फ्लेक्स उतरवायला लावा, तिथे जाऊन आवाज चढवा. तिथे तोंड उघडत नाही तुमचं, आणि मुक्या दगडावर मात्र डबे ओतता. आता तो ऑइलपेंट काढायला जो रिमूव्हर लागेल त्याचे पैसे कोण देणार? मी नाही देणार. आणि घासायला ग्राइंडर घेऊन कुणी आलं ना दारात, तर टाकीचे ठोके जातील त्याच्या आधी मी आडवी येईन. रंगाचा इतकाच सोस असेल तर मागच्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला लावा. गंजून हाताला लागतोय, किती वर्षं सांगतेय. तिकडून व्याही येत नाहीत ना!