लॅपटॉप रखडत ठेवायचाय? मग एवढं कराच

विकत घेताना चार गिगाहर्ट्झच्या वर धावणारा तुमचा प्रोसेसर आता ८०० मेगाहर्ट्झवर रांगतोय ना? मग पहिलं पथ्य पाळा: तापमान बघायचं नाही. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही एका शब्दाची कमांड क्षणात आकडा दाखवते, म्हणूनच तिच्या वाटेला जाऊ नका. निदान झालं तर रात्र जागवायला निमित्त काय उरणार?

थेट गव्हर्नरला धरा. दोनापावलचे, म्हणजे गोव्याचे राज्यपाल नव्हेत; कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसून प्रोसेसरनं किती वेगानं धावायचं ते ठरवणारे. तिथं ‘पॉवरसेव्ह’ दिसला की गुन्हेगार सापडलाच म्हणून समजा. इंटेल प्रोसेसरचा वेग हाताळणाऱ्या पीस्टेट ड्रायव्हरचा पॉवरसेव्ह काम आलं की आपसूक वेग वाढवतो, तळाशी बसून राहतो तो जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमधला. पण असले बारकावे वाचायला सवड कुणाला? ‘परफॉर्मन्स’ लावा. वेग तसूभरही वाढणार नाही, जीव मात्र सुखावेल.

त्यानंतर टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर बसवा. त्याच कामाचा पॉवर प्रोफाइल्स डेमन आधीपासून असेलच, तो काढू नका. दोघेही त्याच सेटिंगांवर हक्क सांगतात आणि पालखी आधी कुणी उचलायची यावरून अडून बसलेल्या महाजनांसारखे तुमचा प्रोसेसर उंबऱ्यातच ताटकळत ठेवतात. टीएलपीवाले स्वतःच सांगतात की दोन्ही एकत्र चालवू नका. सांगू देत.

चार्जरचंही बघायला हवं. मूळचा गेल्या पावसाळ्यात वीज जा-ये करताना जळला असेल, तर बाजारात मिळेल तो स्वस्तातला घ्या. काही लॅपटॉप प्लगमधल्या बारीक पिनेवरून चार्जर किती वॅटचा आहे ते ओळखतात. ओळख पटली नाही की मदरबोर्ड प्रोसेसरचा गळा आवळतो, कधी थेट ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. त्यापुढे कुठल्याच गव्हर्नरचं चालत नाही. तुम्ही तरीही कॉन्फिग फाइलच बदलत राहा. चार्जर काढून बॅटरीवर वेग वाढतो का, एवढी साधी गोष्ट चुकूनही तपासू नका.

आणि मे महिना वाया घालवू नका. जेवून आडवं व्हा, लॅपटॉप उशीवर ठेवा, खालची जाळी पूर्ण झाकली गेलीय ना याची खात्री करा. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. ती गाठली की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. किनाऱ्याजवळ घर असेल तर तुम्ही भाग्यवान. दमट हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना चिकटते, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांत गच्च बसते आणि दोनचार वर्षांत असा करडा थर धरते की नखानं सोलून काढावा. तो काढायचा नाही. पंखा घरघरला तर कुणी विचारण्याआधीच ‘व्हायरस असेल’ म्हणून मोकळं व्हा.

एवढ्यावरही समाधान झालं नाही तर डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा अवतार बदला, मग रॅम वाढवा, मग सरळ नवा लॅपटॉप घ्या आणि हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला देऊन टाका. तो मागचं झाकण उघडेल, ब्रश फिरवेल, थर्मल पेस्ट बदलेल आणि संध्याकाळपर्यंत यंत्र सुसाट पळवेल. चतुर्थीला भेटला तर लॅपटॉपचा विषय काढू नका, नेवऱ्या खा.